खोट्या गर्दीतली रैनी

यंत्र थांबवून वीस मिनिटं झाली होती. यादी पुसून झाली होती, स्क्रीन कोरी होती. आणि त्या कोऱ्या स्क्रीनवर एक ओळ वर आली.

नाव, रैनी. त्याखाली तिचं गाव. महिना, नववा. गाडी कधी पाहिजे, आत्ता.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एटापल्लीच्या पलीकडे, दोन नाल्यांवरचे ठेंगणे पूल, म्हणजे रपटे, ओलांडून आहे, एवढं पुरे. रैनीला मरून एकवीस वर्षं झाली होती. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत मी स्वतः तिला धुतलं होतं, लुगडं गुंडाळलं होतं आणि तिच्या मुलाच्या हवाली केलं होतं.

कॉम्प्युटरवर स्नेहल बसली होती. ती आमच्या ऑफिसातली इंजिनियर, ब्रह्मपुरीची पोरगी. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे कोण आलं?"

"तूच धाडली असशील."

"मी तर कवाचं बंद केलं नं. यंत्रात आता एकबी बाई नाई."

"मंग अडकली असंल कुठी. गर्दी सरल्यावर मागून एखादी येतेच. पूस तिले."

हे मी म्हटलं. स्नेहल थांबली होती, मीच म्हटलं. तिने पुसलं. स्क्रीन पुन्हा कोरी झाली. तीन वाजायला आले होते. चंद्रपुरात पाऊस नव्हता, नुसतं आभाळ खाली आलं होतं, आणि दुपार असून ऑफिसात दिवा लावावा लागला होता. पाच-सात मिनिटं गेली असतील. मी चहाचे कप उचलत होते.

"बाई."

रैनी पुन्हा आली होती. तेच गाव, तोच महिना. पण या वेळी निरोपाच्या रकान्यात मजकूर होता. 'पाणी रपट्यावर चढून राह्यलं. गाडी कुठी आहे.'

स्नेहलने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. म्हणाली, "त्या रकान्यात मी काहीच भरलं नव्हतं. एकाबी बाईच्या नाई."

मी ते वाचलं. चौथी पास आहे, वाचता येतं. तरी तीनदा वाचलं.

ही भुताची गोष्ट नाही. मी आयुष्यात मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, त्यातलं एकही परत आलेलं पाहिलं नाही. एक पोटुशी बाई अडली होती, तिच्यासाठी कोणीतरी गाडी मागत होतं, आणि आम्ही ती मागणी दोनदा पुसली होती. कशी पुसली हे सांगायचं तर आधी आमचं काम काय ते सांगावं लागेल.

बत्तीस वर्षं मी जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात आया होते. बाळंतपण, मयत आणि फरशी, तिन्ही एकाच बादलीने. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरला लेकीकडे आले. घरात बसवेना, म्हणून जटपुरा गेटजवळच्या एका ऑफिसात झाडू मारायला आणि चहा करायला लागले. ऑफिस प्रफुलचं. लोकांना वेबसाईट बनवून द्यायचा त्याचा धंदा. मालक असला तरी माझ्या लेकीहून लहान आहे, म्हणून मी त्याला प्रफुलच म्हणते.

एकदा त्याने बियाण्याच्या दुकानाची साईट बनवली आणि गंमत म्हणून मला उघडायला दिली. मी बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणून आणखी सात-आठ वेळा दाबलं. दुकानदाराकडे धानाच्या बियाण्याच्या सात-आठ ऑर्डरी गेल्या. खोलीत चार शिकलेली माणसं बसली होती, एकालाही हे आधी सुचलं नव्हतं, कारण ते एकदा दाबून वाट पाहणारे लोक. प्रफुल म्हणाला, "बाई, उद्यापासून झाडू नका मारू." मला वाटलं, काढून टाकलं. मी चप्पल घालून निघालेसुद्धा. त्याने जिन्यातून परत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर मी अजून बसते.

तिथे बसून आम्ही करतो ती लोड टेस्ट म्हणजे काय ते सांगते. नवा पूल झाला की त्यावर रेतीने भरलेले ट्रक उभे करून पाहतात. पूल वाकणार असेल तर लोक चालायच्या आधी वाकलेला बरा. साईटचं तेच. फरक एवढाच की पुलावरचे ट्रक खरे असतात आणि आमची माणसं खोटी. ती कॉम्प्युटर बनवतो.

आधी माणूस साईटवर येऊन काय करतो ते साध्या ओळीत लिहून काढायचं. पान उघडतो, नाव भरतो, गाव निवडतो, बटण दाबतो. मग एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं येतील त्याचा अंदाज करायचा आणि त्याच्या दुप्पट धरायची. ती सगळी एकदम सोडायची नाहीत. दहा सोडायची, पाहायचं. पन्नास सोडायची, पाहायचं. मग शंभर, मग दोनशे. दर वेळी कागदावर घ्यायचं की उत्तर किती सेकंदांत मिळालं आणि किती जण हात हलवत परत गेले. कुठल्या आकड्याला साईट धापा टाकते ते कळलं की काम झालं. शेवटी खोटी माणसं पुसून टाकायची. कॉलेजातून आलेले लोक यालाच फार मोठं करून सांगतात.

माझं काम चालीचं. स्नेहलची खोटी माणसं आली तेव्हा दोन सेकंदांत फॉर्म भरायची.

"अशी बाई मले दाखव एखादी," मी म्हटलं.

"कॉम्प्युटर आहे बाई, तो फटाफट भरते."

"कॉम्प्युटरले कुठी बाळंत व्हायचं आहे."

मी भिंतीवरचं घड्याळ काढून काखेत मारलं, मोहल्ल्यातल्या सहा बायकांना फोन हातात देऊन ओसरीवर बसवलं आणि वेळ मोजली. सगळ्यांत चपळ बाईला चाळीस सेकंद लागले. एक चष्मा आणायला घरात गेली आणि परत आल्यावर म्हणाली, कोणतं बटण सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही माणशी पन्नास सेकंद धरतो. आणि उत्तर आलं नाही तर माणूस पुन्हा दाबतं, पुन्हा पुन्हा दाबतं, हेही मी त्या खोट्या माणसांना शिकवायला लावलं. प्रफुल गिऱ्हाइकांना सांगतो की आमची खोटी गर्दी खऱ्यासारखी वागते. ते माझ्यामुळे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. ताडोबाकडचा एक लॉजवाला होता. सुट्ट्यांच्या खोल्यांचं बुकिंग सकाळी दहाला उघडायचा आणि दहा वाजून दोन मिनिटांनी साईट बसायची. आम्ही त्याच्यासमोर टेस्ट लावली. नव्वदाव्या माणसाला साईट बसली.

तो लाल झाला. "तुमी मुद्दाम पाडली माही साईट."

"हाव, मुद्दामच पाडली," मी म्हटलं. "तुमच्या गिऱ्हाइकाइनं आधी सांगून पाडली असती का?"

दार आपटून गेला आणि पुढच्या हंगामाच्या आधी मुकाट्याने परत आला.

सावलीकडचे एक हेडमास्तर निकालाची साईट घेऊन आले होते. त्यांनी खोट्या पोरांची यादी मागून घेतली, नाकावर चष्मा ठेवून वाचली आणि म्हणाले, यातली चाळीस नापास दिसतात. स्नेहलने सांगितलं, सर, ही पोरंच नाहीत. ते म्हणाले, "नसू द्या. शाळेचं नाव तं आमचं आहे." सगळी पोरं पास केली तेव्हा उठले.

असं हसतखेळत चालायचं. खोट्या माणसांनी कोणाचं काही बिघडत नाही, असं मला तोवर वाटत होतं.

रैनी जिच्यावर आली ती साईट एका संस्थेने करायला दिली होती. पावसाळ्यात नाले भरले की तिकडची गावं तुटतात. पोटुशी बाई गावात अडकली की पुढचं सगळं तिच्या नशिबावर. म्हणून नाला भरायच्या आधीच गाडी मागवून तिला केंद्रावर आणायची, अशी योजना. गावातून कोणीही फोनवर साईट उघडायची, बाईचं नाव, गाव आणि महिना भरायचा आणि बटण दाबायचं. बटण दाबणाऱ्याला हिरव्या अक्षरांत उत्तर यायचं, 'गाडी निघाली आहे', आणि जवळच्या गाडीवाल्याला मेसेज जायचा. आधीच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून बनवून घेतली होती. मोठा पाऊस आला, सगळ्या गावांनी एकदम दाबलं आणि ती बसली. म्हणून या वेळी संस्थेने बजावलं की लोड टेस्ट केल्याशिवाय घेणार नाही.

टेस्ट खऱ्या साईटवर करत नाहीत. तिची नक्कल उभी करतात आणि नकलेवर करतात. हे आम्हाला ठाऊक होतं. पण साईट सोमवारी उघडायची होती आणि नक्कल उभी करायला दोन दिवस गेले असते. प्रफुल म्हणाला, "अजून उघडलीच नाई, तं येणार कोण?" त्यात चूक दिसली नाही. मीही मान हलवली.

राहिली नावं. गावं खरी घालावी लागतात, कारण गाडी कुठून सोडायची हे साईट गावावरून ठरवते. बायकांची नावं स्नेहलने आधी 'बाई एक', 'बाई दोन' अशी घातली, तर साईटने ती घेतलीच नाहीत. मग ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी तिकडं राह्यल्या. नावं सांगा नं. दीडशेक पायजे."

"जितीचं नाव मी नाई देणार."

"काऊन?"

"काऊन म्हंजे. पोटुशीचं नाव खोट्या कागदावर चढवत नसतेत."

तिकडच्या गावांत बाळंत होईपर्यंत बाईचं नाव लिहू देत नाहीत. म्हणतात, लिहिलेलं नाव कोणीतरी वाचतं. कोण वाचतं ते सांगत नाहीत. मी हे मानत नाही. पण बत्तीस वर्षं पाळलं, मूल रडलं की मगच वहीत नाव घातलं, कारण पोट त्यांचं होतं, माझं नव्हतं. आता सत्तरी ओलांडल्यावर ती सवय मोडायची मला गरज वाटली नाही.

"मंग मेलेल्याइची देतो," मी म्हटलं. "त्याइचं काय बिघडते."

आणि दिली. कागद न पाहता, एका बैठकीत, एकशे चाळीस. केंद्रापासून निघून गावागावाने पायवाटेने जावं तशी गेले. या गावची ही, तापाने. पुढच्या गावची ती, दुसऱ्या बाळंतपणात. नाल्यापलीकडची एक, तिला साप चावला होता. शंभरच्या पुढे गेल्यावर स्नेहलची बोटं मंद झाली.

"बाई, ह्या साऱ्या तुमच्यासमोर गेल्या?"

"साऱ्या नाई. काहीइच्या नुसत्या खबरा आल्या. लिही."

आडनावाचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. संस्थेने काढायला लावला होता, फॉर्म लहान व्हावा म्हणून. तेही बरोबर होतं, लहान फॉर्म लोक भरतात. महिना स्नेहलने सगळ्यांना सातवा घातला. निरोपाचा आणि फोन नंबरचा रकाना रिकामा ठेवला. गाडीवाल्यांना जाणारे मेसेज त्या दुपारपुरते बंद केले, नाही तर एकशे चाळीस गाड्या रस्त्याला लागल्या असत्या.

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. प्रफुल नागपूरला गेला होता. ऑफिसात दोघीच.

स्नेहलने पहिल्या दहा सोडल्या. स्क्रीनवर खालून एकेक ओळ वर चढायला लागली. मी ज्या क्रमाने सांगितल्या होत्या त्या क्रमाने त्या आल्या नाहीत, यंत्र हवी तशी काढत होतं. मला वाटलं होतं, नुसती अक्षरं दिसतील. पण पन्नास सेकंदांची चाल माझी होती. बाई यायची, नाव भरायची, थांबायची, गाव शोधायची, थांबायची, मग बटण दाबायची. चष्मा शोधून आल्यासारखी. त्या सगळ्यांना मी ओळखत होते आणि त्या सगळ्या तशाच वागत होत्या.

एकीच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत आलं, 'गाडी निघाली आहे'. तिच्यासाठी तेव्हा गाडी आली नव्हती. म्हणूनच ती माझ्या यादीत होती.

मी उठून चहा ठेवला.

पन्नास झाल्या, शंभर झाल्या. दोनशे सोडल्या तेव्हा नावं पुरेनात, मग त्याच बायका दुसऱ्यांदा यायला लागल्या. ओळी इतक्या भराभर चढत होत्या की वाचता येत नव्हत्या, एखादं नाव ओळखू यायचं तोवर ते वर जाऊन नाहीसं व्हायचं. कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरायला लागला. साईट जरा दमली, उत्तराला वेळ लागायला लागला, आणि ज्यांना उत्तर मिळालं नाही त्या पुन्हा दाबायला लागल्या. कोणी एकदा, कोणी चारदा. मी शिकवलं होतं तसंच. स्नेहल स्क्रीनकडे न पाहता आकडे पाहत होती. मी आकडे सोडून स्क्रीन पाहत होते.

साईट टिकली. दोनशे बायकांना चार सेकंदांत उत्तर, एकही परत गेली नाही. मी कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. स्नेहलने यंत्र थांबवलं. मग तिने यादी पुसली. एक बटण, आणि सगळ्या गेल्या. खरी रैनी तेव्हा त्यांच्यात होती.

आता त्या मजकुराकडे येते. गाडी कुठी आहे.

"महिना कोणता घातला होता तू?" मी विचारलं.

"सातवा. साऱ्याइले सातवा."

"इथी नववा आहे."

स्नेहल घाबरली होती. ती पुसायच्या बटणाकडे हात नेत होती, नजरेसमोरून ते जावं म्हणून. मी तिचा हात धरला. आणि तेव्हा मला ते आठवलं, जे नाव सांगतानाच आठवायला हवं होतं.

तिकडच्या लोकांत मेलेलं माणूस घरात परत येतं, असं धरतात. मूल जन्मलं आणि रडायचं थांबेना, की घरातली म्हातारी त्याला घेऊन बसते आणि घरच्या मेलेल्या माणसांची एकेक नावं घेते. ज्या नावाला मूल गप्प होतं ते माणूस आलं, आणि तेच नाव मुलाचं. रैनी मेली त्याच पावसाळ्यात तिची सून आमच्या केंद्रात बाळंत झाली. मुलगी झाली. दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी रैनीची बहीण आली, केंद्राच्या ओसरीवर पोर घेऊन बसली आणि नावं घ्यायला लागली. सातव्या की आठव्या नावाला पोर गप्प झाली. मी तिथे बादली घेऊन उभी होते. म्हातारीने माझ्याकडे पाहून सांगितलं, "रैनी आली."

पोर आता विशीची असणार. तिकडेही पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. तेच नाव, तेच गाव.

मी केंद्रावर फोन लावला. शंकर ड्रायव्हरने उचलला. तो माझ्या वेळेपासूनचा.

"शंकरभाऊ, मी लीलाबाई बोलून राह्यली."

"अजून जित्या आहा का बाई? आमाले वाटलं, गेल्या."

"जिती आहो. गाडी काढ. रैनी अडली आहे, नववा महिना, रपट्यावर पाणी आहे."

"कोणती रैनी? ते तं..."

"तिची नात. ओसरीवर नाव धरलं ते."

त्याने विचारलं, "केव्हाचा निरोप आहे?"

स्नेहलने तोवर पुसलेल्या नोंदी कुठे जपून ठेवलेल्या असतात तिथून शोधून काढल्या होत्या. रैनीच्या चिक्कार नोंदी निघाल्या, सगळ्या सातव्या महिन्याच्या. मघाशी पुसलेली ओळ सोडली तर त्यात आणखी एक नववा. गर्दीच्या ऐन मध्यावर आली होती. मी वेळ वाचून दाखवली. चाळीस मिनिटं झाली होती.

"चाळीस मिनिटाआधी रपटा उघडा होता बाई," शंकर म्हणाला. "मी तिकडूनच आलो."

मी फोन ठेवला नाही. त्यानेच ठेवला, कारण तो गाडीकडे पळाला होता.

मग स्नेहलने ती नोंद मला दाखवली. तिच्यासमोरही हिरव्या अक्षरांत होतं, 'गाडी निघाली आहे'. साईटला खरं-खोटं कळत नाही, तिने सगळ्यांना दिलं तसं उत्तर रैनीलाही दिलं होतं. म्हणजे तिकडे रपट्याच्या काठावर माणसं गाडीची वाट पाहत उभी होती, पाणी चढताना पाहत उभी होती, कारण गाडी निघाली आहे असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. आम्ही काहीच सांगितलं नसतं तर ती माणसं रैनीला खाटेवर घालून पायी निघाली असती आणि उघड्या रपट्यावरून पलीकडे पोचली असती.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो. केंद्राचा फोन लागत नव्हता. पाऊस आला की तिकडचा फोन जातोच. स्नेहलने एकदा म्हटलं, "बाई, चूक माही आहे." मी म्हटलं, "नावं मी दिली, पूस मी म्हटलं. तुही किती आणि माही किती ते मंग पाहू." ते आम्ही अजून पाहिलेलं नाही.

आता आमच्या ऑफिसात नकलेशिवाय टेस्ट होत नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. खोट्या माणसाच्या नावाआधी फुली असते. टेस्ट चालू असताना कोणी खराच आला तर त्याला 'साईट बंद आहे, फोन करा' एवढंच दिसतं, हिरवं काही दिसत नाही. पुसायच्या आधी यादी एका माणसाने वाचायची, पाचशे ओळी असल्या तरी वाचायची. ते काम माझं. डोळे दुखतात, पण ते मी दुसऱ्या कोणाला देत नाही. ती एकशे चाळीस नावंही मी स्नेहलकडून काढून टाकवली. तिने विचारलं, जपून ठेवू का कुठे. मी म्हटलं, जपली आहेत, माझ्यापाशी.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराला आम्ही ऑफिस उघडलं. सोमवारी साईट सुरू व्हायची होती, तिची सफाई राहिली होती. रात्रभर कोणाचाच फोन लागला नव्हता. स्नेहलने कॉम्प्युटर लावला, यादी उघडली. कालची निरोपाची ओळ आम्ही बाजूला काढून ठेवली होती, यादी कोरी होती. मी खिडकी उघडायला गेले आणि वळून पाहिलं तर स्नेहल खुर्ची मागे सरकवून उभी राहिली होती.

रैनी. तेच गाव. महिना नववा. गाडी कधी पाहिजे, आत्ता.

माझ्या मनात आलं, ती अजून पलीकडच्याच काठावर आहे. रात्रभर तिथेच आहे. मी केंद्राचा नंबर लावला आणि या वेळी तो लागला. सिस्टरने उचलला.

"रैनीसाठी गाडी पाठवा," मी म्हटलं. "आता मागितली आहे."

"रैनी इथीच आहे बाई. काल रात्री बाळंत झाली. पोरगा आहे. दोघंबी चांगले आहेत."

"मंग आता कोण मागून राह्यलं?"

सिस्टरने फोन दुसऱ्या कोणाकडे दिला. ती कमला होती, त्या गावची आशा कार्यकर्ती. साईटचं तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं त्याला ती गेली होती, पत्ता तिच्या फोनमध्ये होता. तिने सांगितलं ते असं. काल दुपारी रैनीला कळा सुरू झाल्या. फोन लागत नव्हता. रैनीला सोडून कमलाला हलता येईना, म्हणून तिने आपला फोन रैनीच्या भावाला दिला, लालसूला. गावामागच्या पहाडीवर चढलं की जरासं नेटवर्क मिळतं. लालसू पहाडीवर गेला. त्याने दाबलं. उत्तर आलं, गाडी निघाली आहे. तो धावत खाली येऊन सांगून गेला. गाडी आली नाही. पुन्हा वर गेला, पुन्हा दाबलं. पाणी चढलं तेव्हा निरोप लिहून दाबलं. मग आणखी एकदा दाबलं, पण तोवर नेटवर्क गेलं होतं. तो खाली आला, कमलाच्या हातात फोन दिला. पलीकडच्या काठावर शंकरची गाडी येऊन उभी राहिली होती, पण पाणी कमरेच्या वर होतं. थांबायला वेळ नव्हता. रैनीला खाटेला बांधलं आणि चौघांनी खाटेचा एकेक पाय खांद्यावर घेतला.

"फोन माह्यापाशीच होता, प्लास्टिकच्या पन्नीत," कमला म्हणाली. "आता सकाळी इथी चार्जिंगले लावला. त्यानं दाबलेलं तेव्हा गेलं नसंल. आता गेलं असंल."

स्नेहलने मान हलवली. नेटवर्क नसताना दाबलेलं फोनमध्ये थांबून राहतं आणि नेटवर्क आलं की आपोआप निघतं. ती सोय तिनेच घातली होती.

"लालसू कुठी आहे?" मी विचारलं.

रैनी जगली. तिचा मुलगा जगला. खाट धरून पाण्यात उतरलेल्या चौघांपैकी तिघं जगले. लालसू जगला नाही.